बदामी की गव्हाळ?

दिवाळीच्या आधी पारोळ्यातल्या रंगाच्या दुकानात शेड कार्डावर दोन बोटं टेकलेली असतात, एक बदामीवर, दुसरं गव्हाळवर. तिऱ्हाइताला दोन्ही सारखेच दिसतात. ज्यांना रोज त्या भिंतीसमोर बसून जेवायचंय त्यांना ते सारखे वाटत नाहीत, आणि त्यांचंच खरं असतं.

हा पेच जुनाच आहे. खानदेशातल्या मातीच्या घरांना पिवळी माती आणि गेरू हे दोन्ही रंग ओळखीचे. दोघांत रंग भरतं ते लोखंडच. पिवळ्या मातीतल्या लोहसंयुगात पाणी बांधलेलं असतं. चांगलं तापवलं की ते उडून जातं आणि माती तांबडी होते. आजचं रंग मिसळायचं यंत्रही पांढऱ्या बेसमध्ये बहुधा असेच पिवळे-तांबडे लोह-ऑक्साइड सोडतं. बदामी आणि गव्हाळ यांच्यात अंतर असतं ते एवढ्या थेंबांचं.

पण भिंतीवर ते थेंब वाढतात. पारोळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. दिवाळीत तो दक्षिणेकडे चांगलाच कलतो. म्हणजे ऑक्टोबरात दारातून आलेल्या तिरप्या उन्हात पसंत केलेली भिंत जूनमध्ये वेगळ्याच उजेडात उभी असते. रात्रीचं आणखी निराळं. २७०० केल्विनचा पिवळा दिवा दोन्ही रंग उबदार करतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळसर छटा फिकी पडते.

शेजारही बघावा लागतो. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत काळा रंग नीट उठत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना दोष रंगात नव्हे, शेजारच्या धाग्यांत सापडला. १८३९ साली त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. आपल्याकडे तो धागा म्हणजे निळसर करडी शहाबादी फरशी. तिच्यालगत तांबूस रंग कार्डावर होता त्याहून तांबूस दिसतो.

म्हणून छोटे डबे आणावेत. दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं, चुना मात्र वाळता वाळता पांढरा होत जातो. मग पुठ्ठे सकाळी दाराजवळ, दुपारी कोपऱ्यात आणि रात्री ट्यूब लागली की जेवायच्या जागेमागे उभे करावेत. भाकरी वाढता वाढता आजी त्यातल्या एकाकडे बोट दाखवते. सकाळी रंगाऱ्याला तोच नंबर सांगायचा.