माप आधी, शेकर नंतर

बारामती

चि. बाळास,


तुला पुण्याच्या हॉटेलात बार काउंटरवर शिकाऊ म्हणून घेतलं, हे ताईकडून कळलं. ती नाराज आहे. घरात माळ, दरवर्षी सणसर, निमगाव केतकी करत तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला येते, आणि आपली पोर दारू ओतणार, हे तिला सोसवत नाही. तिच्याशी मी बोलेन. माझी उमेदीची सारी वर्षं काउंटरमागेच गेली, म्हणून कामाचे चार शब्द तुला लिहितो.

पहिलं, तू ओतणार ती वस्तू कुठून येते ते ओळख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या आपल्या कारखान्यांत ऊस गाळला की मळी उरते. टनभर उसामागे साधारण 40 ते 45 किलो. ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढतात. रम तर मळीचीच, पण आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्कीही याच मद्यार्कावर बनते, त्यात धान्याचं किंवा माल्टचं थोडं मिश्रण असतं. गिऱ्हाइकानं विचारलं तर लपवायचं कारण नाही. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लाव.

आता माप. छोटा पेग 30 मिली, मोठा 60. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे मोठ्या पेगात साधारण 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क. स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांपर्यंत असते, तिच्यात 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 'मी आज फक्त बिअर घेतोय' म्हणणाऱ्यानं एका बाटलीत दोन मोठे पेग घेतलेले असतात. हे त्याला माहीत नसतं, तुला माहीत असलंच पाहिजे. शरीर तासाला साधारण एका छोट्या पेगाएवढंच पचवतं, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

पेगमेजर काठोकाठ भरायचं, डोळ्याच्या रेषेत धरायचं, आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं ओतायचं. जुन्या हाताचे लोक बाटली नुसती उलटी करून अंदाजानं ओततात. दिसायला झोकदार, पण शिकाऊनं त्याच्या वाटेला जाऊ नये. 750 मिलीच्या खंब्यातून 25 छोटे पेग निघतात. रात्री रजिस्टर लिहिताना 24 भरले तर हात सैल आहे, 26 भरले तर कुणाच्या तरी ग्लासात कमी पडलंय. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती चोरी आहे.

कॉकटेलची यादी पाठ करत बसू नकोस. एकच नीट शीक, डायकिरी. क्युबातल्या सांतियागोजवळच्या डायकिरी गावाचं नाव त्याला पडलं. तोही ऊसवाल्यांचाच मुलूख. पांढरी रम 60 मिली, कागदी लिंबाचा ताजा रस 25, साखरेचा पातळ पाक 20. पाक म्हणजे साखर नि पाणी समभाग, विरघळवून गार केलेला. लिंबू आयत्या वेळी पिळायचं, सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडवट लागतो. शेकरमध्ये बर्फ भर आणि दहा-बारा सेकंद जोरात हलव, शेकर बाहेरून दवानं पांढरा होईपर्यंत. मग गाळून थंड ग्लासात. चाखून बघ: आंबट पुढे आलं तर पाक थोडा वाढव, गोड वाटलं तर लिंबाचे दोन थेंब. हा तोल जिभेला कळला की मार्गारिटा, व्हिस्की सावर, सगळी त्याच घरची भावंडं आहेत. रस असेल तर हलवायचं. मार्टिनीसारखं नुसत्या मद्यांचं असेल तर लांब चमच्यानं सावकाश ढवळायचं.

बर्फाला कुणी मोल देत नाही, पण हलवलेल्या पेयात सुमारे पाव भाग पाणी बर्फाचंच असतं. तेव्हा बर्फ स्वच्छ पाण्याचा, टणक, कोरडा हवा. अर्धा विरघळलेला ओला बर्फ चव पातळ करतो. आणि बर्फाच्या पेटीत ग्लास कधीही बुडवू नकोस, स्कूपच वापर. ग्लासाचा टवका उडाला तर काच बर्फात दिसत नाही. तसं झालं तर पेटी पूर्ण रिकामी करून धुवायची, मालक कितीही ओरडो.

वाइनचं सांगायला आपण नशीबवान. नीरा ओलांडली की माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली वाइनरीचे मळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा भावाभावांनी मिळून ते उभे केले. टस्कनीच्या पिएरो मासींनी तिथे सांजोव्हेसे द्राक्ष लावलं. सुट्टीत जाऊन ये. पांढरी वाइन थंडगार, लाल थोडी गार, आणि ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच.

कायद्याचं विसरू नकोस. आपल्या राज्याचा मूळ कायदा 1949 चा, दारूबंदीचा. म्हणून तर 'परमिट रूम' ही पाटी. बिअरला वय 21, कडक दारूला 25. चेहऱ्यावरून अंदाज नको, ओळखपत्र माग. सील तुटलेली किंवा लेबल नसलेली बाटली काउंटरवर येऊ देऊ नकोस. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली.

सगळ्यात अवघड काम म्हणजे 'आता पुरे' म्हणणं. शब्द जड झाले, आवाज चढला, नोटा दोनदा मोजू लागला, की पुढचा पेग नाही. आधी पाणी दे, जेवण सुचव, आणि चारचौघांत नाही, जवळ जाऊन हळू बोल. गाडीची किल्ली हातात दिसली तर रिक्षा बोलाव. रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि दोन मोठ्या पेगांत ती बहुतेकांची ओलांडली जाते.

मुलीनं हे काम करावं का, असं कुणी ना कुणी म्हणेलच. दिल्लीत बायकांना बारमध्ये कामाला ठेवायला बंदी घालणारं जुनं कलम सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली रद्द ठरवलं. शतभी बसू तर त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत काउंटरमागे उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांनीच अकादमी काढून शिकवलं. ताईला हे मी सांगेन. तू तिला एवढंच सांग, की या कामाला न पिणारा माणूस जास्त चांगला. चव बघायला थेंब पुरतो, आणि काउंटरवर असताना त्याहून जास्त घ्यायचं नाही.

रुजू व्हायला अजून अवधी आहे. 30 आणि 60 ची दोन मापं विकत घे, रिकाम्या बाटलीत पाणी भर आणि एक थेंब न सांडता 25 पेग निघेपर्यंत हात बसव. जमलं की कळव.

तुझा,
मामा