फ्लॉसीची बाजू

गल्लीत डांबर टाकत होते. खिडक्या लावल्या तरी वास घरात आलाच, आणि डोळ्यांसमोर ऑइलडेल उभं राहिलं. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला लागून असलेलं, तेलविहिरींच्या शेजारचं कष्टकऱ्यांचं गाव. आम्ही तिकडे राहायचो तेव्हा आई आली होती आणि मी तिला कंट्री गायक मर्ल हॅगार्डचं लहानपणीचं घर दाखवायला नेलं होतं. रेल्वेच्या जुन्या डब्याचं केलेलं घर. आईनं ते क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "ही नोकरीवर गेली की पोरगा कोणाजवळ असायचा?"

ही, म्हणजे मर्लची आई, फ्लॉसी.

ओक्लाहोमात गोठाघर जळालं, तेव्हा हे कुटुंब पश्चिमेला आलं. वडील जेम्स सांता फे रेल्वेत सुतार होते. डब्याचं घर त्यांनीच केलं; 1937 साली मर्ल जन्मला आणि 1946 मध्ये वडील गेले. फ्लॉसी हिशेबनीस म्हणून कामाला लागली. पोरगा मालगाड्यांवर चढून पळू लागला, सुधारगृहांच्या वाऱ्या झाल्या, आणि एकविसावं वर्ष त्याचं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सरलं.

1968 सालचं 'मामा ट्राइड' हे त्याचं गाणं त्यातूनच आलं. आईनं जिवापाड प्रयत्न केले, दोष माझाच, असं त्यात मुलगा सांगतो. गाण्यातली जन्मठेप त्याने पदरची घातलीय, तो तीन वर्षांच्या आतच सुटला होता. सूर मात्र अस्सल आहे. तरी या गाण्यावर माझा राग आहे, आणि तो जात नाही.

दादा दहावीच्या परीक्षेआधी घरातून निघून गेला, तेव्हा आई पतपेढीत खातेवह्या लिहायची. वडील नव्हते. भेटेल तो तिला म्हणायचा, "तुम्ही एकट्या तरी किती करणार?" म्हणणाऱ्याच्या मनात माया असायची, पण त्या मायेत निकालही असायचा: केलंत खूप, पण जमलं नाही. आई मान हलवायची आणि चालायला लागायची. 'मामा ट्राइड' ऐकताना मला फ्लॉसीभोवती तीच माणसं उभी दिसतात. मुलगा सगळा दोष स्वतःवर घेतो, मोठ्या मनानं घेतो. आईच्या वाट्याला मात्र एक हरलेली खटपटच उरते.

पुढच्याच वर्षी त्याने 'हंग्री आइज' गायलं. मजुरांच्या छावणीतलं, गरिबीतलं कुटुंब. तिथे मुलाच्या पराक्रमांचा विषयच नाही. त्यातल्या आईला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं, ते मिळालं नाही, आणि मुलाने ते तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं. इतकंच. मला हे गाणं कितीतरी मोठं वाटतं. आईच्या त्यागावर गाणारे पुष्कळ, तिला काय हवं होतं तिकडे बघणारे फार थोडे.

माझ्या आईला बी.कॉम. पुरं करायचं होतं. शेवटचं वर्ष राहिलं होतं; पुस्तकं तिने कपाटात वरच्या फळीवर जपून ठेवली होती आणि दर दिवाळीला झटकून पुन्हा तिथेच ठेवायची. दादा परत आला, नोकरीला लागला, मार्गी लागला. आता घरात कार्य असलं की तो सगळ्यांसमोर सांगतो, आईला मी किती छळलं. डोळे भरून येतात त्याचे, आणि ते खरे असतात. त्या पुस्तकांचा उल्लेख त्याच्या बोलण्यात एकदाही आलेला नाही. मार्गशीर्षात तो येणार आहे. या वेळी मीच विषय काढणार आहे.