हात लावू का जी?

मंगळवार म्हणजे आमच्या घरी बाजाराचा दिवस. नागपुरात वारांच्या नावाचे मोहल्लेच आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. त्या त्या वारी तिथे बाजार भरत, त्यावरून ही नावे पडली. ऑफिस सुटले की आम्ही परस्पर मंगळवारीच्या बाजारात जातो. आई घरून पिशव्या घेऊन येते. गुडघे दुखतात, तरी येते.

बाजारात शिरल्यावर आईची एक सवय आहे. वांग्यांचा ढीग असो, बरबटीच्या शेंगा असोत की सांभाराच्या जुड्या, ती ढिगासमोर उभी राहते आणि आधी विचारते, "हात लावू का जी?" विकणारा पोरगा हसतो. म्हणतो, "लावा ना आजी, पाहिजे तेवढी निवडा." मग कुठे ती खाली बसते. चाळीस वर्षे शहरात राहून ही सवय गेली नाही. पूर्वी आम्हाला याचा राग यायचा. आम्ही विहारात संविधानावर बोलणारे कार्यकर्ते, आणि आमची आई पैसे देऊन घ्यायच्या भाजीला परवानगी मागते! एकदा तसे बोललोही. ती काही बोलली नाही. पुढच्या ढिगाजवळ पुन्हा तेच विचारले.

आमचे गाव उमरेड तालुक्यातले. तिथल्या आठवडी बाजारात आमच्या आजीने ढिगाला हात लावायचा नसे. दूर उभे राहायचे, पैसा जमिनीवर ठेवायचा. भाजीवाला त्यावर पाणी शिंपडून तो उचलायचा आणि माल वरून पदरात टाकायचा. किडका टाको, सडका टाको, परत करायची सोय नाही. आजी म्हणायची, "आपल्या बाया घरी येऊन दुप्पट निवडत. बाजारात निवडू देत नव्हते ना, म्हणून."

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजी आणि आजोबा गावाहून पायी नागपूरला आले आणि त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा घेतली. बाजार मात्र तसाच राहिला. दुकानात जाण्यास कोणाला जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे संविधानाच्या पंधराव्या कलमात आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकण्यास नकार देणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण गावच्या बाजारात हे कलम कोणी वाचून दाखवत नव्हते.

पुढे पाचसहा वर्षांनी एका बाजाराच्या दिवशी आजीने सरळ वाकून एक वांगे उचलले. उलटेपालटे करून पाहिले आणि ठेवून दुसरे घेतले. भाजीवाला काठी घेऊन उठला. म्हणाला, आता हा माल कोण घेणार, साऱ्या ढिगाचे पैसे टाक. आमच्या चार बाया सोबत होत्या. त्यांनी पदराच्या गाठी सोडल्या, पैसे गोळा केले आणि सारा ढीग विकत घेतला! चार दिवस साऱ्या वस्तीत वांगीच वांगी. भाजलेली झाली, रस्सा झाला, उरली ती चिरून उन्हात वाळवली. आजी ही गोष्ट सांगताना पोट धरून हसायची. पुढच्या बाजारी तो भाजीवाला काही बोलला नाही म्हणे. टोपली तेवढी मागे सरकवली.

आई तेव्हा सातआठ वर्षांची, आजीचे लुगडे धरून उभी होती. आजीला ते वांगे आठवत राहिले, आईला ती काठी. हे आम्हाला उशिरा कळले. आता आम्ही तिला टोकत नाही.

बाजार घरी आला की खरे काम सुरू होते, आणि तिथे आम्ही पुरुष कुठे असतो हे विचारू नये. पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आणि बैठकीला निघायचे, हा आमचा क्रम. आमची आयुष्यमती नोकरी करूनही रात्री परात घेऊन बसते. भिवापुरी मिरची उन्हात घालायची, देठ खुडायचे. सुके झिंगे कोरड्या तव्यावर भाजून हातांनी चोळायचे आणि सुपात पाखडून डोकी-पाय उडवायचे. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवायचे, नाहीतर पावसाळ्यात कीड लागते. आम्ही बी.कॉम., पण या कामाची नोंद आमच्या वहीत कधी झाली नाही. वहीत फक्त भाव.

मागच्या पावसाळ्याआधी आम्ही असाच भाव पाहिला. आई आजारी होती, एकटेच गेलो होतो. एका ठेल्यावर तुरीची डाळ किलोमागे वीस रुपये स्वस्त. पाच किलो घेतली. मूठभर हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही, कारण साडेसातला बैठक होती. परत आलो तेव्हा आयुष्यमतीने परातीत दोन ढीग केलेले. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला चपटे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे तिरपे दाणे. आईने अंथरुणातूनच ओळखले. लाखोळी. धानाच्या बांधीत होते, आजीच्या काळी मजुरीत मिळायची. महिनोन्‌महिने तीच खाल्ली की माणसाचे पाय लुळे पडतात. १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली ती यासाठीच.

आम्ही त्या ठेलेवाल्याला नावे ठेवू लागलो. आयुष्यमतीने थोडे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आजीला हात लावू देत नव्हते, म्हणून ती खराब माल घेऊन येई. तुम्हाला कोणी अडवलं होतं जी?"

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षे भाषणे करतो आहोत. त्या रात्री जेवणे झाल्यावर परात आमच्या पुढ्यात आली. चष्मा लावून पाच किलो डाळ निवडायला तीन रात्री लागल्या. पाठ धरली. निवडलेली लाखोळी आईने कोणाला देऊ दिली नाही, फेकायला लावली.

मुलगी म्हणते, मॉलमधली बंद पिशवीतली डाळ आणा, निवडायची कटकट नाही. एकदा आईला तिथे नेले. थंडगार हवा, रांगेत लावलेल्या पिशव्या. आईने एक उचलली, वरून दाबून पाहिली, प्लास्टिकला कान लावल्यासारखे केले आणि ठेवून दिली. "इथंही हात लावू देत नाहीत," म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

आता मंगळवारी रात्री बैठक ठेवत नाही. साथींना कारण सांगितले तेव्हा दोघे हसले, एकाने मात्र आपल्याही घरी परात कोण घेऊन बसते ते सांगितले. आम्ही मिरचीचे देठ खुडतो, मुलगी झिंगे पाखडते, सारे डोळे चोळत शिंकतो. आई शेजारी बसून आमच्या निवडलेल्या डाळीतून पुन्हा एक खडा काढते आणि काही न बोलता आमच्यासमोर ठेवते.