चार तारा आणि भरलेले मैदान

रॉक संगीत म्हटले की आपल्या घरांतून पहिला शब्द निघतो तो ‘गोंगाट’. हा आरोप अगदीच निराधार नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारी, माणसाहून उंच ध्वनिवर्धक आणि छातीत जाणवणारा ड्रमचा ठोका हे या संगीताचे नित्याचे साहित्य. त्यातही ‘अँथम’ म्हणून ओळखली जाणारी जी गाणी आहेत, ती तर भरलेल्या मैदानासाठीच जन्मली असावीत असे वाटते. गायकाने एक ओळ उचलावी आणि हजारो कंठांनी ती पुरी करावी, अशी त्यांची रीत.

ही गाणी मी गेली दोन वर्षे युकुलेलेवर वाजवतो आहे. युकुलेले म्हणजे गिटारच्या घराण्यातले सर्वांत धाकटे भावंड. जेमतेम एकवीस इंच लांब, चार तारांचे, काखेत धरून सहज जिना चढता येईल एवढे. सांगलीच्या हळद बाजारात आडतीची पेढी चालवणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाने या वाद्यावर परदेशातील मैदानी गाणी वाजवावीत, हे ऐकून लोक प्रथम हसतात. ऐरावताची अंबारी शेळीच्या पाठीवर ठेवावी, तसे त्यांना वाटते. परंतु हा उद्योग करता करता या गाण्यांविषयी मला एक गोष्ट पटली आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम वाद्याची थोडी ओळख. युकुलेले हवाई बेटांचे मानले जाते. परंतु त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेराहून होनोलुलू बंदरात पोहोचले. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर आणलेली कुटुंबे त्यात होती. त्यांच्यासोबत ‘मशेते’ नावाचे चार तारांचे छोटे वाद्य आले, आणि मानुएल नुनेस, आगुस्तो दियास व जुझे दु इस्पिरितु सांतु हे तीन सुतारही आले. या तिघांनी तेथील कोआ लाकडातून अशी वाद्ये घडवण्यास आरंभ केला. हवाईचा राजा कालाकौआ याने त्यांना दरबारात स्थान दिले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत या वाद्याचे वेडच पसरले. ‘उड्या मारणारी पिसू’ असा त्याच्या नावाचा अर्थ सहसा सांगतात. वादकाची बोटे तारांवर जशी नाचतात, ते पाहिले म्हणजे तो पटतोही. उसाच्या मुलखात राहणाऱ्या मला मात्र या इतिहासातील एकच गोष्ट अधिक स्पर्शून जाते: दिवसभर मळ्यात राबणाऱ्यांना परवडेल आणि बोचक्यात मावेल, असे ते वाद्य होते.

आमच्या घरी युकुलेले आले तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न होता, “तारा कशाच्या आहेत?” प्रश्न रास्त होता. जुन्या काळी या वाद्याच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आले आणि ती प्रथा मागे पडली. तारांखालची घोडी मात्र अजूनही भारी वाद्यांत पुष्कळदा हाडाची असते, हलक्या किमतीच्या वाद्यांत प्लास्टिकची. आमचे वाद्य हलक्या किमतीचेच होते. स्वस्त तेच निर्दोष, असा योग व्यापारात क्वचितच येतो. आईचे समाधान झाले आणि वाद्याला घरात प्रवेश मिळाला.

ते आणले होते माझ्या पुतणीने, तिच्या वडिलांच्या साठीनिमित्त. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांना तरुणपणी गिटार शिकायची होती. वडील अकाली गेले, एकोणिसाव्या वर्षी अण्णा पेढीवर बसले आणि गिटार राहून गेली. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवलेल्या कॅसेट तेवढ्या उरल्या. क्वीन, डीप पर्पल, बीटल्स ही नावे मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. आमच्या वाड्यात आजीच्या सामायिकाची वेळ, आईच्या स्वाध्यायाची वेळ, खाली पेढीवर गिऱ्हाईक. मोठ्याने काही लावण्याची सोय नव्हती. अण्णा वॉकमन कानाला लावून गच्चीवर बसत. दिवसा मात्र सौद्याच्या वेळी त्यांचा आवाज बाजार समितीच्या आवारात दूरवर ओळखू येई. पोत्यातली हळकुंडे मुठीत घेऊन ते भाव पुकारत, तेव्हा शेजारचा सौदा क्षणभर थांबत असे.

साठीनंतर तीनच महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सारे होते. शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. ज्याच्या आवाजावर पेढी चालली, त्या माणसाला पाणी मागण्यासाठी बोट दाखवावे लागू लागले. पहिले काही आठवडे ते प्रयत्न करीत, चिडत. पुढे त्यांनी प्रयत्नच सोडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. वहिनी बाहेर येऊन डोळे पुसत. खुंटीवरचे ते वाद्य मी त्या दिवसांत खाली घेतले. त्यामागे उपचाराचा कोणताही विचार नव्हता. अण्णांच्या खोलीत बसून गप्पा मारणे अवघड झाले होते आणि नुसते बसणे त्याहून अवघड, एवढेच कारण.

युकुलेले शिकणे कठीण नाही. आपल्या पेटीच्या हिशेबाने पांढरी एकचा षड्ज धरला, तर चार मोकळ्या तारा अनुक्रमे पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत अशा लागतात. गंमत अशी, की यांतला सर्वांत खालचा स्वर दुसऱ्या तारेवर आहे; पहिली पंचमाची तार त्याच्या वरच्या पट्टीत बोलते. तानपुऱ्याचा फेरा खर्जावर येऊन विसावतो. युकुलेलेला खर्जच नाही. धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवले की ती वरचा षड्ज बोलू लागते आणि पहिला स्वरमेळ तयार होतो. एका बोटात षड्ज, गंधार, पंचम हाती येतात. आणखी तीन स्वरमेळ शिकले, की पुष्कळशी प्रसिद्ध गाणी आवाक्यात येतात.

अडचण पुढे येते. रॉक गिटारचा दरारा खालच्या स्वरांत आणि विजेने फाटलेल्या आवाजात असतो. त्या फाटलेल्या आवाजात गंधार गढूळ होतो, म्हणून वादक पुष्कळदा केवळ षड्ज आणि पंचम एकत्र छेडतात. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची जगप्रसिद्ध सुरावट याच वळणाची आहे. स्वित्झर्लंडमधील मोंत्रो येथे डिसेंबर १९७१ मध्ये एका कार्यक्रमात लागलेल्या आगीने तेथील कॅसिनो भस्मसात झाला आणि तळ्यावर धूर पसरला. त्या घटनेवरचे हे गाणे १९७२ च्या त्यांच्या संग्रहात आले. ती सुरावट युकुलेलेच्या एकाच तारेवर वाजते. पण दरारा पूर्णपणे नाहीसा होतो. उरतो तो चार स्वरांचा आकार. आणि आश्चर्य असे, की तेवढ्यानेही गाणे ओळखू येते. पहिल्याच सायंकाळी ते वाजवले, तेव्हा अण्णांनी भिंतीकडून मान वळवून पाहिले होते.

मग मी क्वीनच्या ‘वी विल रॉक यू’कडे वळलो. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथील मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवत असे. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने लहानपणी वडिलांकडून प्रथम जे शिकले, ते युकुलेले-बँजो, म्हणजे युकुलेलेचेच एक भावंड. १९७७ साली इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे क्वीनचा कार्यक्रम संपला, तरी श्रोते आपण होऊन गातच राहिले. ते पाहून मेच्या मनात प्रश्न आला: दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. त्यातून हे गाणे झाले. दोनदा पाय, एकदा टाळी. त्यात ड्रम नाही. शेवटी गिटार येईपर्यंत पाय, टाळ्या आणि मानवी कंठ यांखेरीज काहीही नाही.

हे वाचले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्याला आपण गोंगाट म्हणतो, तो या गाण्याच्या घडणीत मुळी नाहीच. त्यात आहे ती रिकामी ठेवलेली जागा. ऐकणाऱ्याने येऊन भरावी, म्हणून रचनाकाराने मोजूनमापून राखलेली. मैदानात ती जागा ऐंशी हजार माणसे भरतात म्हणून आवाज मोठा होतो. माणसे चारच असतील तर आवाज चौघांचा होईल. गाणे मात्र तेच राहील.

अण्णांच्या खोलीत ते तसेच झाले. डाव्या हाताने त्यांनी पलंगाच्या कडेवर दोन ठोके दिले. टाळी त्यांना देता येत नव्हती. ती दारात उभ्या असलेल्या आईने दिली. आईला त्या गाण्याचा एक शब्द ठाऊक नाही. पण भजनात टाळी धरण्यात तिचे आयुष्य गेले आहे. कोठे टाळी हवी, हे तिला सांगावे लागले नाही. तेव्हापासून रिवाजच पडला: दोन ठोके अण्णांचे, टाळी घरातल्या कोणाची तरी. एके दिवशी ती दूध द्यायला आलेल्या मुलानेही दिली.

गाणे आले ते पुढे, पाच-सहा आठवड्यांनी, बीटल्सच्या ‘हे ज्यूड’मधून. १९६८ चे हे गाणे सात मिनिटांहून थोडे मोठे आहे, आणि त्याचा जवळजवळ चार मिनिटांचा उत्तरार्ध म्हणजे तीन स्वरमेळांवर फिरणारी, अर्थहीन अक्षरांची एकच ओळ. मूळ ध्वनिमुद्रणात तिच्यासाठी ३६ वादकांचा ताफा होता. माझ्याकडे चार तारा. त्या ओळीला शब्दच नाहीत, त्यामुळे विसरण्यासारखेही काही नाही. मी तिसऱ्यांदा ती फिरवत असताना अण्णांचा आवाज मिसळला. घोगरा, पण सुरात. वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. मी वाजवणे थांबवले नाही. थांबलो असतो तर तेही थांबले असते.

वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. बोलण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागात चालते. गाण्यात उजवा भागही मोठा वाटा उचलतो. त्यामुळे वाचा गेलेला रुग्ण पुष्कळदा गाऊ शकतो. १९७३ साली बॉस्टनमधील संशोधकांनी याच आधारावर एक उपचारपद्धती मांडली. तीत नित्याची वाक्ये सुरावर म्हणवून घेतात आणि प्रत्येक अक्षरासोबत रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका देववतात. बाईंनी सावधही केले: गाणे गाता आले म्हणजे बोलणे परत आले असे नव्हे, ती वाट निराळी आहे, लांब आहे आणि सर्वांनाच लाभते असे नाही. त्यांचा शब्द खरा ठरला. दोन वर्षांत अण्णांचे मोजके शब्द परतले आहेत: ‘पाणी’, ‘नको’, ‘ये’ आणि त्यांच्या मुलीचे नाव. सौद्याचा आवाज परतलेला नाही, आणि तो परतेल अशी आशा आम्ही आता धरत नाही. परंतु ते भिंतीकडे तोंड करून पडत नाहीत. सायंकाळी सहाच्या सुमारास खुंटीकडे बोट दाखवतात. ते बोट पाण्यासाठी दाखवलेल्या बोटासारखे नसते, हे आम्हां सर्वांना कळते.

२९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्ज हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी त्याच्या मित्रांनी कार्यक्रम केला. हॅरिसनला युकुलेलेचे विलक्षण प्रेम होते. पॉल मॅकार्टनीने त्या भव्य सभागृहात मित्राचेच ‘समथिंग’ हे गाणे केवळ युकुलेले हाती घेऊन आरंभिले. व्यासपीठावर नामवंत वादकांचा मेळा हजर असताना त्याने हे लहान वाद्य का निवडले असेल, हे मला आता उमगते. जवळच्या माणसासाठी वाजवायचे असेल तेव्हा मोठा आवाज मध्ये येतो.

आपल्या घरांतून आजारी किंवा वृद्ध माणसांची सेवा मनोभावे होते. औषध, पथ्य, फळे यांत कोठे उणीव राहत नाही. पण घेणे हेच ज्याच्या वाट्याला उरले आहे, त्याला काही देताही आले पाहिजे, ही गरज आपल्या नजरेतून सुटते. व्यापाऱ्याला तर ती अधिकच. जन्मभर देवघेव केलेल्या माणसाला एका बाजूचे खाते सोसत नाही. अण्णांना त्या गाण्यात दोन ठोके देता येतात, आणि ते ठोके दिल्याखेरीज टाळी वाजत नाही. रोज सायंकाळी आमचे घर त्यांच्या त्या दोन ठोक्यांसाठी थांबते.