चेंडूवर नजर

चेंडू आणि फळी यांचा कोणताही खेळ घ्या, शिकविणाऱ्याच्या तोंडचें पहिलें सूत्र 'चेंडूवर नजर ठेव' हेंच असतें. अमेरिकेंतील बेसबॉलच्या मैदानांवर तर आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या कानीं हा मंत्र अखंड पडत असतो. परंतु तो शब्दशः पाळणें मानवी डोळ्यास शक्य आहे काय?

व्यावसायिक बेसबॉलमध्यें चेंडू टाकणारा फलंदाजापासून सुमारें ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. ताशीं ९० मैल वेगाचा चेंडू तें अंतर सुमारें ०.४ सेकंदांत तोडतो. टेरी बाहिल व टॉम लारिट्झ यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका व्यावसायिक खेळाडूची नजरसुद्धां चेंडूचा पाठलाग फलंदाजापुढील 'प्लेट'पासून सुमारें ५.५ फुटांपर्यंतच करूं शकली. तेथून पुढें चेंडू दिसत नाहीं, तो ताडावा लागतो. डोळा हा साक्षीदार, निवाडा करणारी बुद्धि निराळी.

म्हणूनच साक्ष प्रथमपासून स्पष्ट हवी. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत व्यावसायिक खेळाडूंची सरासरी दृष्टि सुमारें २०/१३ आढळली. म्हणजे सामान्य माणूस जें १३ फुटांवरून वाचील, तें हे २० फुटांवरून वाचतात. तथापि तीक्ष्ण दृष्टि म्हणजेच सर्व कांहीं नव्हे. १९४१ सालीं .४०६ ची सरासरी गांठणाऱ्या टेड विल्यम्सच्या डोळ्यांविषयीं अनेक आख्यायिका पसरल्या. त्यानें स्वतः मात्र श्रेय दिलें तें सरावाला आणि शिस्तीला.

आमच्या भाच्याचा मुलगा न्यू जर्सींत हा खेळ खेळतो. लहान मुलांच्या 'लिटल लीग'मध्यें हें अंतर ४६ फूट असतें. पोराची फळी वारंवार हवेंत फिरे, आणि 'लक्ष नाहीं' असा शेरा त्याच्या कपाळीं बसला होता. एके दिवशीं तो सहज म्हणाला, "आजोबा, चेंडू जवळ आल्यावरच दिसतो." तपासणी झाली, एका डोळ्याची दृष्टि बरीच कमी निघाली. दोन डोळ्यांची सांगड बसली नाहीं कीं अंतराचा अंदाज फसतो, हें त्या बालकास कोणीं सांगावें? त्याला तर सर्वांनाच तसें दिसत असावें असें वाटत होतें! चष्म्यानें तो कांहीं एका दिवसांत मोठा खेळाडू झाला नाहीं. पण चेंडू चुकला कीं मान खालीं घालावयाचें मात्र त्यानें सोडलें.

तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हीं असे विद्यार्थी पाहिले आहेत, कीं ज्यांना फळ्यावरील अक्षरें दिसत नव्हतीं आणि ज्यांच्या नांवामागें शाळेनें 'मंद' ही पदवी कायमची जोडून दिली होती. दोष डोळ्यांचा, शिक्षा मात्र मनाला! मैदान असो कीं वर्ग असो, 'नीट पाहा' अशी आज्ञा करण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं 'तुला काय दिसतें रे?' एवढेंच विचारावें. उपदेशापूर्वींचा हा प्रश्न अगदीं साधा आहे; पण तो वेळेवर विचारला गेला, तर कित्येक मुलांचें बालपण निष्कारण लाजेंतून सुटेल.