बटाटा आंबट पितो

मे महिन्यात आमच्या जांबे गावातल्या घरी वाळवण निघालं की तिन्ही आत्या माहेरी येतात, मी चिंचवडहून मुलांना घेऊन जाते आणि बघता बघता 25 पानं होतात. पहाटे अंगणातल्या चुलीवर बटाट्यांचं पातेलं चढतं. 15 किलो बटाटे साबुदाण्याच्या चकल्यांना आणि 3 किलो दुपारच्या कोशिंबिरीला. चकल्या सगळ्यांच्या, पण कोशिंबीर थोरल्या आत्याची. तिला आम्ही अक्का म्हणतो. सहा वर्षांपूर्वी तिला चुलीपुढं बसवेना, तेव्हा तिनं विळी माझ्याकडं सरकवली.

पहिल्याच वर्षी मी घोळ केला. कोशिंबीर आंबट हवी, तर आंबटपणा आतपर्यंत मुरावा म्हणून बटाट्याच्या उकळत्या पाण्यातच कैरीच्या फोडी टाकल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सुरी टोचली की आत कच्चं लागायचं. चकल्यांच्या पातेल्यातले बटाटे केव्हाच फुटायला आले होते आणि माझे 3 किलो दगडासारखे. भावजय म्हणाली, ‘‘जाळ कमी पडला असेल.’’ अक्कानं पाण्याचा थेंब जिभेवर घेतला आणि तिला कळलं. ‘‘आंबट पाण्यात बटाटा शिजत न्हाई बाई. डाळीत आमसूल आधी टाकतीस का?’’

डाळ शिजल्यावर आमसूल टाकायचं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेच बटाट्यालाही लागू पडेल हे डोक्यात आलं नव्हतं. भाजीच्या पेशी ज्या पेक्टिनानं एकमेकींना चिकटलेल्या असतात, ते साध्या पाण्यात उकळलं की विरघळतं आणि बटाटा मऊ होतो. पाणी आंबट असलं की ते घट्टच राहतं. पुढं माझ्या लक्षात आलं की याचा उपयोगही आहे. बटाटा फार पिठूळ निघाला तर शेवटच्या पाच मिनिटांत कैरीची एक फोड पाण्यात टाकते. मग कोशिंबिरीचा लगदा होत नाही.

बटाट्याची निवड अक्का पोत्याशी बसून करायची. आमच्याकडं मंचर-खेडकडचा आरणीतला बटाटा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा तिकडचे शेतकरी झाडाखाली ढीग करून पाल्यानं, गवतानं झाकून ठेवतात, तीच आरण. हा बटाटा मेपर्यंत निभतो आणि मुख्य म्हणजे गोड होत नाही. शीतगृहात दोन-चार अंशांवर ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते, आणि कोशिंबिरीत तो गुळचट स्वाद कैरीशी भांडतो. नखानं साल खरवडून बघायचं. साल सहज सुटली नाही, बटाटा हातात जड लागला, मोड नसले आणि कुठं हिरवट डाग नसला की तो कोशिंबिरीच्या टोपलीत. मोठे, सालीला खरखरीत, फुटतील असे वाटणारे चकल्यांना.

आता अक्काचा खरा नियम. ‘‘गरम हाय तवर आंबट घाल. गार झाला की त्यो कायबी पीत न्हाई.’’ पितो, हाच शब्द तिचा. साली काढताना बोटं भाजतात, तरी थांबायचं नाही. अंगठ्याएवढ्या फोडी परातीत पसरायच्या आणि वाफ निघत असतानाच त्यांच्यावर कैरीचा कीस टाकायचा. 3 किलोला बांधावरच्या गावठी आंब्याच्या चार कैऱ्या. कीस आधीच मीठ-साखर लावून ठेवलेला, म्हणजे त्याला पाणी सुटलेलं असतं. ते पाणी फोडींवर पडलं की क्षणभर फोडी चकाकतात आणि लगेच कोरड्या दिसू लागतात. बटाट्यानं पाणी ओढून घेतलं. गार फोडींवर तेच पाणी टाकून बघा, परातीच्या कडेला ओघळून साचतं.

मग मोहरी. तिच्याशिवाय ही कोशिंबीर नुसती आंबट राहते, तिला झणका येत नाही. दोन मोठे चमचे मोहरी पाट्यावर घ्यायची, गार पाण्याचे शिंतोडे देत फेसायची. सुरुवातीला ती कडवट लागते. वाटत राहिलं की रंग पिवळट होतो, फेस येतो आणि पाचेक मिनिटांत नाकात जाते. डोळ्यांत पाणी येईस्तोवर फेसायची. यात गरम पाणी चालत नाही आणि दही किंवा कैरीही आधी घालायची नाही. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की तो तयार होतो, आणि उष्णता किंवा आंबट आधी लागलं तर ते काम अडतं. म्हणून बटाटे कोमट झाल्यावर मोहरी, नंतर ओल्या मिरच्या, कोथिंबीर, आणि जिरं-हिंगाची फोडणी.

माझा भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे. मागच्या वर्षी फोनवर त्याला परात दाखवली तर तो म्हणाला, ‘‘मावशी, इथंही असंच करतात.’’ जर्मनीच्या त्या भागात बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं. गरम फोडींवर गरम सूप, व्हिनेगर आणि मोहरीची चटणी घालून मुरू देतात. मेयोनीज उत्तरेकडं. मी अक्काला सांगितलं. ती नुसती म्हणाली, ‘‘बटाटा तिकडचाबी आंबट पीत असंल की.’’ बटाटा आपल्याकडं समुद्रापलीकडून आला, नावही पोर्तुगीजांकडूनच उचललं. पण अक्काच्या तोंडी तो तिच्या बांधावरचाच असतो.

दही सगळ्यांत शेवटी, पानं मांडल्यावर. मी एका वर्षी सकाळी दहालाच दही कालवून ठेवलं होतं. मेच्या उन्हात एक वाजेपर्यंत त्याला वास सुटला आणि पूर्ण परात टाकून द्यावी लागली. लहान मुलं होती घरात, जोखीम नको होती. तेव्हापासून दही माठाशेजारी ओल्या फडक्याखाली असतं.

यंदाही ते तिथंच होतं. गच्चीवर चकल्यांच्या चादरी पसरलेल्या. पूर्वी तिथून भातखाचरं दिसायची, आता मारुंजी-हिंजवडीच्या बाजूला इमारतीच इमारती. पुरुषमंडळी सावलीत बसून गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाणार की नाही यावर बोलत होती. दीडच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि वळीव सुटला. कुणी चादरीचं टोक धरलं, कुणी परात उचलली; पाच मिनिटांत सगळ्या चकल्या खाली ओट्यावर आणि 25 माणसं जिन्यात, पडवीत, दारात. पानं मांडायला जागाच उरली नाही. भावजयीनं भाकऱ्यांची दुरडी फिरवली, मी परात जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली. ज्यानं त्यानं भाकरीच्या तुकड्यानं कोशिंबीर उचलली. अक्का दारातल्या खुर्चीवर होती; तिला वाटीत दिली. तिनं एक फोड तोंडात फिरवली, डोळे बारीक केले आणि वाटी पुन्हा पुढं केली.

दही घालायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी त्याची कढी केली.