रिकामी खोली

गोराईच्या आमच्या घरांत एक खोली रिकामी झाली व ती विद्यार्थ्यास भाड्यानें द्यावी असें ठरलें. बोरीवलीच्या एका महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला मराठवाड्यांतील एक मुलगा चौकशीस आला. दादांनीं प्रथम आडनांव विचारलें, मग खाणेंपिणें. भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वींच मुलगा काय तें उमजला व नमस्कार करून निघून गेला. मी तेथेंच होतों. परंतु माझ्या तोंडून शब्द निघाला नाहीं.

आमचे आजोबा पुण्यास वार लावून शिकले. रोज नवें घर, नवें पान. गुरुवार मात्र रिकामा, त्या दिवशीं पाण्यावर भागवावें लागे. अशाच मुलांसाठीं पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. परंतु वाराचें ताट बहुधा आपल्याच ज्ञातींत मिळे. इतरांच्या मुलांनीं कोठें जावें? भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. आम्ही अद्याप आडनांवच विचारतों!

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलास फोन केला. "काका, कांदिवलीस चौघांत जागा मिळाली, अनामतही दिली," तो म्हणाला. मीं गुरुवारीं जेवावयास बोलाविलें. "बघतों," इतकेंच उत्तर आलें.

दोन गुरुवार आम्हीं पान मांडून ठेविलें. तो आला नाहीं. त्यांत त्याचा दोष नाहीं.